बाहुबल आणि धर्म: भीम गांधारीसमोर ‘भ्यालो’ म्हणतो तेव्हा

पारंबी (धागाकर्ती)

महाभारताच्या स्त्रीपर्वातला एक प्रसंग गेले काही दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

युद्ध संपलं आहे. शंभर मुलं गमावलेल्या गांधारीसमोर पांडव उभे आहेत. ती भीमाला विचारते: गदायुद्धात नाभीखाली प्रहार केलास, जीव वाचवण्यासाठी शूरांनी रणात धर्म सोडावा का? व्यास इथे भीमासाठी ‘भीतवत्’ असा शब्द वापरतात. आणि भीम उत्तर देतो:

अधर्मो यदि वा धर्मस्त्रासात्तत्र मया कृतः।

धर्म असो की अधर्म, मी ते भीतीपोटी केलं. स्वतःला वाचवायला केलं. क्षमा कर.

हे कोण म्हणतंय? हिडिंब, बक, किर्मीर, जरासंध, कीचक यांना नुसत्या हातांनी मारणारा. ज्याच्या अंगात दहा हजार हत्तींचं बळ आहे असं महाभारत पुन्हा पुन्हा सांगतं, तो. दुर्योधन पापीच होता, मी प्रतिज्ञा केली होती, द्रौपदीला मांडी दाखवली होती त्याने... ही सगळी कारणं भीमाकडे आहेत आणि तो ती पुढे सांगतोही. पण तोंडातून पहिलं कारण येतं ते ‘त्रास’, म्हणजे भय.

लहानपणापासून आपल्या मनात एक वाटणी झालेली असते. भीम म्हणजे ताकद, युधिष्ठिर म्हणजे धर्म. मूळ ग्रंथ जरा जवळून वाचला की ही वाटणी टिकत नाही. द्यूतसभेत बघा. धर्मराज मान खाली घालून बसलेला आणि भीम सहदेवाला सांगतोय, अग्नी आण, याचे हात जाळतो. कुणाचे? धाकट्याने थोरल्याचे! त्याला अर्जुन आवरतो. पुढे भीमच म्हणतो की मी धर्माच्या पाशाने बांधला गेलोय, थोरल्याच्या मानाने अडलोय, नाहीतर या सगळ्यांना चिरडलं असतं. म्हणजे त्या सभेत ज्याला धर्माचा दोर खरोखर काचत होता तो ‘आडदांड’ भीम. बाकीचे बलवान शांत होते.

आणि त्याच सभेत भीष्म द्रौपदीला काय सांगतात? ‘बलवांस्तु यथा धर्मं लोके पश्यति पूरुषः’. बलवान माणूस ज्याला धर्म समजतो, त्यालाच वेळ आली की लोक धर्म म्हणतात.

हे वाक्य तक्रार आहे, कबुली आहे की निवाडा? तुम्ही कसं वाचता ते सांगा. रामायणातली उदाहरणंही येऊ द्या.

शमीवृक्ष

धागा आवडला. आधी शल्यपर्वाकडे वळतो, कारण भीमाची भीती खोटी नाही हे तिथे दिसतं.

समन्तपंचकाला, म्हणजे कुरुक्षेत्रावर, भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध चालू असताना अर्जुन कृष्णाला विचारतो, दोघांत वरचढ कोण? कृष्णाचं उत्तर एखाद्या जाणत्या वस्तादासारखं आहे. ‘उपदेशोऽनयोस्तुल्यो भीमस्तु बलवत्तरः’. दोघांचं शिक्षण सारखं, ताकद भीमाची जास्त, पण दुर्योधन अधिक कसलेला आणि मेहनती. पुढे तो स्पष्टच सांगतो, धर्माने लढला तर भीम जिंकणार नाही. दुर्योधनाने तेरा वर्षं भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर गदेचा सराव केला होता. पांडव वनात असताना हा रोज लोखंडाच्या भीमाशी लढत होता.

म्हणजे त्या मैदानात प्रश्न बळ आणि धर्म असा दुपेडी नव्हता, तीन गोष्टी होत्या. ताकद भीमाची. कौशल्य दुर्योधनाचं. आणि नियम, त्या घटकेला तरी, दुर्योधनाच्या बाजूने. ज्याने आयुष्यभर कपट केलं तो शेवटच्या लढाईत नियमाने लढला, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने नियम मोडला. बेचाळीस दिवसांची तीर्थयात्रा करून परतलेला बलराम ते पाहून नांगर उचलून भीमावर धावला. कृष्णाने त्याला धरलं. जाताना तो सांगून गेला की जगात भीम ‘जिह्मयोधी’, वाकडा लढणारा, म्हणून ओळखला जाईल. दोघेही त्याचे शिष्य होते, हे विसरू नये.

माझं मत असं: इथे ‘धर्म’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. एक, आखाड्याचा नियम. दोन, तेरा वर्षं थकलेला न्याय. बलराम पहिला पाहतो, कृष्ण दुसरा. भीम बिचारा दोन्ही पाहतो, म्हणून गांधारीला ‘धर्म असो की अधर्म’ म्हणतो. त्याला ठरवताच आलेलं नाही.

जुना_आखाडा

मी संस्कृत जाणणारा नाही, भाषांतरावर वाचलंय. पण तरुणपणी माती अंगाला लावलेली आहे, म्हणून जरासंधाच्या कुस्तीबद्दल लिहितो.

कार्तिकाच्या पहिल्या दिवशी सुरू झालेली ती झुंज तेरा दिवस चालली. तेरा दिवस! चौदाव्या रात्री जरासंधाचा दम संपला. लोकांना काडी चिरून दाखवणारा कृष्ण आणि उभा फाडलेला जरासंध आठवतो. भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीत काडी नाही आणि फाडणंही नाही. भीम त्याला गरागरा फिरवतो आणि पाठ मोडतो. मला तर हेच जास्त पटतं, कारण हा खरा कुस्तीचा शेवट आहे.

पण मला सांगायचंय ते कृष्णाच्या वाक्याबद्दल. जरासंध दमलेला पाहून तो भीमाला म्हणतो, थकलेल्या शत्रूला रणात जास्त रगडू नये, रगडलं तर तो जीव सोडेल, म्हणून बेताने लढ. शब्द दयेचे आहेत. भीमाने ऐकलं ते वेगळंच: आता वेळ आली आहे. एकाच वाक्यात नियमही सांगितला आणि तो कुठे मोडतो तेही दाखवलं.

ज्याने माती खाल्ली आहे त्याला हा क्षण ओळखीचा असतो. समोरच्याचा श्वास तुटलेला आपल्या छातीला कळतो. तेव्हा तुमच्या हातात त्याचं सगळं असतं. ताकदीची परीक्षा त्याच्या आधी होऊन गेलेली असते, पुढे जे होतं ती तुमची परीक्षा. माझ्या वस्तादांनी अशा वेळी एकदा मला बाहेरून हाक मारून थांबवलं होतं. तेव्हा राग आला होता, आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

जरासंधाबद्दलही न्यायाने बोललं पाहिजे. त्याने शहाऐंशी राजे बळी द्यायला कोंडले होते, शंभर भरायचे होते, त्यामुळे त्याचं मरण मला खटकत नाही. पण तिघांपैकी कुणाशी लढतोस असं विचारल्यावर त्याने सगळ्यात बलवान भीम निवडला. हरायचं तर वरचढाकडून हरावं, म्हणाला. ही पैलवानाची अब्रू आहे, आणि ती दुष्टाकडेही असू शकते.

सांजवारा

रामायणातून थोडं. जुना_आखाडा यांनी थकलेल्या शत्रूचा विषय काढलाच आहे, तर युद्धकांडातली राम-रावणाची पहिली भेट वाचावी. राम रावणाचं धनुष्य तोडतो, मुकुट उडवतो आणि मग म्हणतो: तू दमला आहेस, जा, लंकेत जाऊन विश्रांती घे, नव्या रथातून परत ये, मग माझं बळ बघ. त्या क्षणी युद्ध संपवता आलं असतं. संपवलं नाही, आणि पुढे किती वानर मेले याचा हिशेब कुणी मांडला तर रामाला उत्तर देणं सोपं जाणार नाही.

पण मला ज्या जागेने हलवलं ती वेगळी आहे. इंद्रजित मायेची सीता मारतो तेव्हा ती खरी समजून राम कोसळतो, आणि लक्ष्मण त्याला मांडीवर घेऊन जे बोलतो ते ऐकून अंगावर काटा येतो. धर्माने तुला काय दिलं? धर्म खरोखर असता तर रावण नरकात असता आणि तुझ्यावर ही वेळ आली नसती. धर्म दुबळा आहे, तो बळाच्या मागे चालतो: ‘बलं धर्मोऽनुवर्तते’. अयोध्येपासून सोबत आलेला भाऊ बोलतोय हे.

आता थोडं पुढे या. निकुंभिलेजवळ, इंद्रजिताच्या यज्ञाच्या जागी, लक्ष्मण आणि इंद्रजित समोरासमोर आहेत. बरीच अस्त्रं चालवून झाली, इंद्रजित पडत नाही. शेवटचा बाण लावताना लक्ष्मण काय म्हणतो?

धर्मात्मा सत्यसन्धश्च रामो दाशरथिर्यदि।

राम जर धर्मात्मा असेल, सत्याला जागणारा असेल, पराक्रमात त्याला जोड नसेल, तर हा बाण रावणपुत्राला मारो. आणि इंद्रजिताचं डोकं धडावेगळं होतं.

धर्म निरुपयोगी म्हणणाऱ्याच्या हातून, धर्माचीच शपथ घेऊन. मधे त्याने काही पश्चात्ताप केला, माफी मागितली, असं वाल्मीकी लिहीत नाहीत. आणि शपथेत ‘पौरुष’ही आहे, ते वगळलेलं नाही. स्वतःच्या हातांवरचा विश्वास संपला तिथे तो भावाच्या चारित्र्यावर बाण ठेवतो. बळ आणि धर्म कुठे एकत्र येतात असं कुणी विचारलं तर मी या श्लोकावर बोट ठेवीन.

हनुमानाबद्दलही लिहायचं होतं. रावणाला दरबारात पाहिल्यावर आधी त्याचं तेज बघून तो थक्क होतो आणि मग त्याच्या मनात येतं, ‘यद्यधर्मो न बलवान् स्यादयं राक्षसेश्वरः’, अधर्म एवढा प्रबळ नसता तर हा इंद्रासकट देवलोकाचा रक्षक झाला असता. बांधून आणलेला कैदी शत्रूकडे बघून हळहळतो. असं पाहायला किती आतलं बळ लागत असेल!

वाटसरू

सगळे प्रतिसाद उत्तम, पण मला विरोधी बाजू मांडायची आहे. आपण सगळे धर्माच्या बाजूने फार चटकन सरकतोय.

लक्ष्मणाचे ‘बलं धर्मोऽनुवर्तते’ हे शब्द जसेच्या तसे महाभारतातही आहेत, आणि ते बोलतात भीष्म. शांतिपर्वात, आपद्धर्म म्हणजे संकटकाळचा धर्म सांगताना, शरशय्येवरून. धूर जसा वाऱ्याच्या मागे जातो तसा धर्म बळाच्या मागे जातो. वेल जशी झाडाला धरून असते तसा धर्म बळाला धरून असतो. बळातून धर्म चालतो, म्हणून धर्मापेक्षा मी बळाला वरचं मानतो, असंही ते म्हणतात. तेव्हा द्यूतसभेतलं वाक्य ही तक्रार नाही आणि कबुलीही नाही, तो त्या म्हाताऱ्याचा आयुष्यभराचा सिद्धांत आहे. आणि मला तो खरा वाटतो.

जटायू घ्या. धर्म त्याच्याइतका निखळ कुणाकडे होता? साठ हजार वर्षांचा वृद्ध पक्षी, रावणाला आधी शब्दांनी समजावतो, मग झडप घालतो, रथ मोडतो. आणि पंख कापले जातात. सीता गेली ती गेलीच. मौसलपर्वात तर धर्म-अधर्माचा प्रश्नच नाही. आभीर लुटारू काठ्या घेऊन आले, अर्जुनाला गांडीवाला दोरी चढवतानाही कष्ट पडले, अस्त्रं आठवेनात, आणि यादवांच्या स्त्रिया त्याच्या डोळ्यांदेखत पळवल्या गेल्या. त्या बायकांना अर्जुनाच्या सदाचाराचा काय उपयोग झाला? त्यांना त्याचे हात हवे होते.

आणखी एक. धर्म आठवतो तो हरणाऱ्याला. चाक रुतलं तेव्हा कर्णाला आठवला. बाण लागल्यावर वालीला आठवला. मांड्या मोडल्यावर दुर्योधनाला आठवला. कृष्ण कर्णाला एकेक प्रसंग काढून विचारतो की तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता, ते उगीच नाही.

पारंबी

वाटसरू, तुमच्या प्रतिसादामुळे मला रात्री पुन्हा ग्रंथ उघडावा लागला. मनापासून आभार.

हरणाऱ्याला धर्म आठवतो हे खरं. पण तुमच्या यादीत एक नाव राहिलं. द्रौपदीही त्या सभेत हरलेलीच होती. फरक असा की कर्ण, वाली आणि दुर्योधन यांच्या हातात बळ होतं तेव्हा त्यांनी दुसऱ्याला धर्म नाकारला होता. द्रौपदीने कुणाला नाकारला होता? तिला ‘तुझा धर्म तेव्हा कुठे गेला होता’ असं विचारण्याची सोय कुणालाच नव्हती. म्हणून तर सभेला उत्तर सुचलं नाही.

आता भीष्म. अर्थ दोन्हीकडे सारखा असला तरी ऐकणारा वेगळा आहे. शांतिपर्वात ते राजाला सांगतात: बळ कमव, नाहीतर धर्म उभा राहणार नाही. ही सूचना आहे, आणि योग्य आहे. सभेत तोच विचार ते न्याय मागणाऱ्या स्त्रीला सांगतात. आणि सांगणारा स्वतः त्या सभेतला सर्वांत बलवान माणूस आहे! परशुरामाला थोपवलेला. बलवान म्हणेल तो धर्म, हे खरंच असेल तर त्यांनी एक शब्द बोलायचा होता, तो धर्म झाला असता. त्यांच्याच सिद्धांताप्रमाणे उत्तर त्यांच्या हातात होतं. ते म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे. मला या जागी भीष्मांचा राग येतो, आणि तो वयाबरोबर कमी झालेला नाही.

विदुर उद्योगपर्वात धृतराष्ट्राला पाच बळं सांगतो. बाहुबल सगळ्यांत कनिष्ठ, मग चांगले अमात्य, मग धन, मग कुळाकडून आलेलं बळ आणि या सर्वांना कवेत घेणारं प्रज्ञाबळ. धर्मबळ असं सहावं काही तो मोजत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. धर्म हे बळ असतं तर ते साठवता आलं असतं, वाढवता आलं असतं. अजगररूपी नहुषाच्या विळख्यात भीम अडकतो तेव्हा दहा हजार हत्तींना बोटही हलवता येत नाही आणि युधिष्ठिर काही उत्तरं देऊन त्याला सोडवतो. युधिष्ठिर तिथे नहुषापेक्षा बलवान ठरला असं मी म्हणणार नाही. नहुषाला ऐकायचं होतं, म्हणून सुटका झाली. स्वर्गाचं राज्य मिळून ऋषींच्या खांद्यावरच्या पालखीत बसलेला, अगस्त्यांना लाथ मारलेला नहुष होता तो. बळाने काय होतं ते भोगून झालेला.

उंबरठा

फक्त वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितेय.

विकर्णाचं नाव कुणी घेतलं नाही. त्या सभेत विदुर बोलला, पण तो काका होता, मंत्री होता. विकर्ण दुर्योधनाचा धाकटा भाऊ. ना बळ, ना मान. द्रौपदी जिंकली गेलेली नाही असं त्याने उभं राहून सांगितलं आणि कर्णाने त्याला पोरगा म्हणून गप्प केलं. युद्धाच्या चौदाव्या दिवशी त्याला भीमानेच मारलं. तिच्यासाठी अग्नी मागणारा आणि तिच्या बाजूने बोललेला, हे दोघे एकमेकांसमोर आले. तिथे मला पुढे वाचवेना.

शमीवृक्ष

उंबरठा, लिहीत राहा. हे जोडून पाहणं मला सुचलं नव्हतं.

पारंबी, तुमच्या भीमाबद्दल एक अडचण मांडतो. गांधारी पुढे दुःशासनाच्या रक्ताबद्दल विचारते. भीम म्हणतो, आई, ते दात-ओठांच्या पलीकडे गेलं नाही, यमाला ठाऊक आहे, फक्त हात माखले होते. पण कर्णपर्वात संजयाने सांगितलेलं आठवा. तिथे भीम रक्त चाखतो आणि आईच्या दुधापेक्षा, मधातुपापेक्षा हे गोड आहे असं ओरडतो. दोन्ही एकाच ग्रंथात. तेव्हा तो इथे खोटं बोलतोय असं का म्हणू नये? शिवाय वनपर्वातला भीम आठवा. वनवासाचे तेरा महिने झाल्यावर तो युधिष्ठिराला म्हणतो, यज्ञात सोमवल्लीऐवजी पूतिक ही दुसरी वनस्पती चालते तसा वर्षाऐवजी महिना धर, तेरा वर्षं झाली समज. शब्द वाकवायला हा माणूस कचरत नाही.

पारंबी

म्हणता येईल. मीही बराच वेळ तिथेच अडले होते.

पण तो खोटं बोलत असेल तर कुणाशी, ते बघा. त्याला गांधारीची भीती वाटण्याचं कारण होतं. त्याच भेटीत थोड्या वेळाने तिची नजर पट्टीखालून युधिष्ठिराच्या बोटांच्या टोकांवर पडली आणि नखं काळवंडली. ते बघून अर्जुन कृष्णाच्या मागे सरकला. तरी मांडीच्या प्रश्नावर भीम सरळ ‘भ्यालो’ म्हणाला. लपायचंच होतं तर तिथेही पळवाटा होत्या. रक्ताच्या प्रश्नावर मात्र समोर त्या मुलाची आई आहे. तुझ्या मुलाचं रक्त गोड लागलं, हे आईला कोण सांगेल? यमाला ठाऊक आहे, असं म्हणून तो तो हिशेब तिच्यापुढून उचलून यमाकडे ठेवतो. हे माझं वाचन. तुम्हाला पटेलच असं नाही.

महिन्यांच्या हिशेबाबद्दल हरकत नाही. तो तसाच होता. उतावळा, खादाड, रागीट. दुर्योधन पडल्यावर त्याच्या डोक्यावर डावा पाय दिला, तेही तसंच, आणि मला ते कधी आवडलं नाही. युधिष्ठिरालाही आवडलं नव्हतं, पण भीमाच्या मनातलं दुःख आठवून त्याने दुर्लक्ष केलं असं तो कृष्णाला सांगतो.

महाप्रस्थानात, म्हणजे पांडवांच्या अखेरच्या प्रवासात, द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन पडून झाल्यावर भीम पडतो. पडल्या जागेवरून हाक मारतो, राजा, मी पडलो, तुझा लाडका ना मी, का पडलो ते ठाऊक असेल तर सांग. युधिष्ठिर सांगतो: ‘अतिभुक्तं च भवता प्राणेन च विकत्थसे’. फार खाल्लंस आणि ताकदीची बढाई मारलीस, ‘अनवेक्ष्य परम्’, दुसऱ्याकडे न बघता.

आणि पुढच्याच श्लोकात व्यास लिहितात की एवढं बोलून युधिष्ठिर निघाला, ‘जगामानवलोकयन्’. वळून न बघता. मागे फक्त कुत्रा.

मी हे दोन शब्द एकाखाली एक लिहून ठेवलेत.